ग्रेगचं ट्यूलिप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मध्य आशियातल्या या रानटी ट्यूलिपबद्दल लोक सतत जे विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवात ओळखीपासून आहे, अडनिडे प्रश्न शेवटी आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. ग्रेगचं ट्यूलिप म्हणजे नेमकं कोणतं फूल?

पश्चिम तिएनशान आणि कराताऊ या डोंगररांगांतलं, ठेंगण्या दांड्याचं आणि मोठ्या लाल पेल्याचं हे रानटी ट्यूलिप. शास्त्रीय नाव ट्युलिपा ग्रेगिआय. उंची साधारण २० ते ४० सेंटिमीटर. एका दांड्यावर बहुधा एकच फूल आणि तीन-चार पानं. फूल उन्हात पूर्ण उघडलं की दहा सेंटिमीटर किंवा त्याहूनही रुंद होतं. सहा पाकळ्या, सहा पुंकेसर, आणि पेल्याच्या तळाशी काळा डाग. हा डाग बरेचदा पिवळ्या कडेने वेढलेला असतो.

पण ओळखायचं ते पानावरून. निळसर करड्या पानावर जांभळट तपकिरी तुटक रेघा असतात. त्या पानाच्या शिरांना समांतर जातात आणि शाई संपत आलेल्या टाकाने ओढल्यासारख्या दिसतात. दांड्यावर बारीक लव असते. फूल यायच्या आधी, नुसतं पान जमिनीवर आलेलं असतानाही ही जात ओळखता येते. ट्यूलिपच्या फार थोड्या जातींना ही सोय आहे.

२. हा ग्रेग कोण? स्थानिक लोक याला काय म्हणतात?

सॅम्युएल ग्रेग हे रशियन साम्राज्यातले उच्चपदस्थ अधिकारी, पुढे अर्थमंत्री, आणि सेंट पीटर्सबर्गच्या उद्यानविद्या संस्थेचे अध्यक्ष. तिथल्या वनस्पती उद्यानात काम करणाऱ्या एदुआर्द रेगेल यांनी १८७३ मध्ये या जातीचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि तिला ग्रेगचं नाव दिलं. फुलाशी ग्रेगचा संबंध एवढाच.

कझाक भाषेत ट्यूलिपला ‘किझगाल्दाक’ म्हणतात, उझबेक भाषेत ‘लोला’. फारसी-उर्दूतला ‘लाला’ आणि तुर्कीतला ‘लाले’ हे याच ‘लोला’चे सख्खे शब्द. ‘ट्यूलिप’ हा शब्द मात्र पागोट्याच्या तुर्की-फारसी नावावरून युरोपात तयार झाला.

३. हे नक्की कुठे उगवतं?

दक्षिण कझाकस्तान, उझबेकिस्तानचा ताश्कंदच्या पूर्वेचा डोंगराळ भाग, आणि त्यांना लागून असलेलं पश्चिम किरगिझस्तान. पायथ्याच्या गवताळ टेकड्यांपासून साधारण दोन हजार मीटरच्या पुढेपर्यंत, दगडगोटे आणि माती मिसळलेल्या उतारांवर. सपाट, पाणी साचणारी जागा याला चालत नाही.

तिथलं हवामान समजून घेतलं तर पुढची बरीच उत्तरं आपोआप कळतात. हिवाळ्यात बर्फ, वसंतात पाऊस, उन्हाळा कडकडीत कोरडा. म्हणजे आपल्याकडच्या नेमकं उलट: हा कंद झोपतो तेव्हा तिथे थेंबही पडत नाही, आणि महाराष्ट्रात नेमका त्याच महिन्यांत धो धो पाऊस असतो.

४. बघायला जायचं तर कुठे आणि कधी?

सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे कझाकस्तानमधलं अक्सू-झाबाग्ली राखीव क्षेत्र. ते १९२६ मध्ये स्थापन झालं आणि मध्य आशियातलं सगळ्यात जुनं राखीव क्षेत्र मानलं जातं. जवळचं मोठं शहर शिमकेंत. मुक्काम झाबाग्ली गावात करायचा आणि राखीव क्षेत्रात स्थानिक वाटाड्या व परवाना घेऊनच शिरायचं. दुसरी जागा कराताऊ रांगेतली बेरकारा घळ, तराझ शहराच्या बाजूने. उझबेकिस्तानात ताश्कंदहून चिमगानचा परिसर एका दिवसात करता येतो.

पायथ्याशी फुलं एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतात, वर चढत जावं तसतशी मेपर्यंत मिळतात. एकच आठवडा हाताशी असेल तर एप्रिलचा शेवटचा धरावा: खालची संपली तरी वरची सापडतात. एक फूल आठवडा-दहा दिवस टिकतं, एखादा गरम वारा सुटला तर त्याहून कमी.

एक चूक नेहमी होते. लोक अल्माटीला विमानाने जातात आणि तिथल्या टेकड्यांवर हे फूल शोधतात. अल्माटीच्या आसपास पिवळं कोल्पाकोव्स्कीचं ट्यूलिप आणि इतर जाती आहेत, ग्रेगचं नाही. ते पाहायला आणखी सुमारे सातशे किलोमीटर पश्चिमेला, शिमकेंतकडे जावं लागतं.

फुलं पाहायची वेळही महत्त्वाची. पाकळ्या ऊब लागली की उघडतात आणि गारवा आला की मिटतात. ढगाळ सकाळी आठ वाजता गेलात तर उतारभर मिटलेल्या कळ्याच दिसतील. सकाळी दहा ते दुपारी तीन, स्वच्छ उन्हात जावं.

५. तिथेच आणखी ट्यूलिप दिसतात. त्यांच्यातून हे कसं वेगळं काढायचं?

पहिल्यांदा पान पाहा. कौफमानचं ट्यूलिप याच डोंगरांत, बरेचदा शेजारीच असतं. त्याची पानं बिनठिपक्याची, फूल दुधी किंवा पिवळं, पाकळीच्या बाहेरच्या अंगाला लालसर पट्टा, आणि उघडलं की कमळासारखं पसरट. अल्बर्टच्या ट्यूलिपचं फूल लाल किंवा केशरी असल्याने गोंधळ होतो, पण त्याची पानं करडी, कडा नागमोडी आणि रेघा अजिबात नाहीत.

पानावर रेघा असलेली दुसरी एक जात आहे, मिशेलचं ट्यूलिप. ती मात्र दूर नैर्ऋत्येला, कोपेत दाग या रांगेच्या बाजूला वाढते. त्यामुळे शिमकेंत-ताश्कंदच्या डोंगरांत रेघांचं पान दिसलं तर जवळजवळ नक्कीच ग्रेग. अपवाद प्रश्न १७ मध्ये.

६. फूल दोन आठवड्यांत संपतं. मग बाकी वर्षभर कंद करतो काय?

ट्यूलिपचा कंद रचनेने कांद्यासारखाच आहे: एका चकतीवर बसलेले जाड, पांढरे, अन्न साठवलेले थर, बाहेरून तपकिरी साल. या जातीत सालीच्या आतल्या बाजूला केस असतात. पण कांद्यापेक्षा एक मोठा फरक आहे. ट्यूलिपचा कंद दर वर्षी स्वतःला पूर्ण संपवतो. यंदाचं फूल गेल्या वर्षीच्या कंदावर येतं, आणि ते येईपर्यंत तो कंद रिकामा होऊन पापुद्र्यासारखा उरतो. पुढच्या वर्षीचा कंद त्याच्याच पोटात, यंदाच्या पानांनी केलेल्या अन्नावर, नव्याने भरतो.

मार्चमध्ये बर्फ वितळतं आणि कोंब वर येतो. एप्रिल-मे फूल. मे-जूनमध्ये बियांचं बोंड पिकतं आणि त्याच काळात नवा कंद भरतो. जूनच्या अखेरीस पानं वाळतात. जमिनीवरचा सगळा संसार जेमतेम तीन-चार महिन्यांचा. मग वर काहीच दिसत नाही, पण कंद निष्क्रिय नसतो. उन्हाळ्याच्या उबेत त्याच्या आत पुढच्या वर्षीचं फूल घडतं, पाकळ्या आणि पुंकेसरांसह, सूक्ष्म आकारात. शरद ऋतूतल्या पावसाने मुळं फुटतात, हिवाळ्याच्या थंडीत दांडा लांबण्याची तयारी होते. ही थंडी मिळाली नाही तर फूल आत तयार असूनही बाहेर येत नाही. घरच्या लागवडीतली सगळ्यात मोठी अडचण हीच (प्रश्न १२).

सह्याद्रीतला रानकांदा आठवा. तोही वर्षातला मोठा काळ मातीखाली काढतो आणि मोसम आला की झटपट उरकतो. फक्त त्याचं घड्याळ पावसावर चालतं, याचं बर्फावर.

७. हजारो फुलं असतात. त्यातलं एक तोडलं तर काय बिघडतं?

बऱ्याच रानफुलांपेक्षा जास्त बिघडतं, आणि कारणं तीन आहेत.

पहिलं कारण पानांचं. ट्यूलिपची पानं कंदातून वेगळी निघत नाहीत, फुलाच्याच दांड्यावर लागतात. फूल धरून ओढलं की दांडा मातीतून निसटतो आणि सोबत पानंही जातात. मग नवा कंद भरायला अन्नच उरत नाही. जुना तर संपलेलाच असतो. पुढच्या वर्षी त्या जागी एखादं किडमिडीत पान येतं किंवा काहीच येत नाही.

दुसरं बियांचं. बागेतल्या ट्यूलिपच्या कंदाला पिल्लं होतात. रानातलं ग्रेगचं ट्यूलिप मात्र सहसा पिल्लं देत नाही. एक कंद, एक झाड. त्याची संख्या वाढते ती जवळपास बियांवरच. फूल गेलं की त्या वर्षीची संतती गेली.

तिसरं वेळेचं. त्या फुलाच्या जागी नवं फूल उभं राहायला लागणारी वर्षं प्रश्न ८ मध्ये आहेत.

‘नुसतं वरचं फूल खुडलं, पानं ठेवली, तर?’ असंही विचारलं जातं. बागेत हेच करतात आणि ते बरोबर आहे, कारण बोंड पोसण्यात जाणारं अन्न कंदाला मिळतं. रानात मात्र बोंडच हवं असतं. तिथे फूल फोटोतच न्यावं, आणि फोटोसाठी गवतात आडवं होताना शेजारच्या एकपानी रोपांवर पाय पडत नाही ना, एवढं बघावं.

८. बीपासून फुलापर्यंत किती वर्षं लागतात?

बागेत, चांगली निगा राखून, पाच ते सात. रानात दहाच्या आसपास, कधी त्याहून जास्त.

पहिल्या वर्षी गवताच्या काडीएवढं एकच पान येतं. अनुभवी माणूससुद्धा ते गवत समजून तुडवतो. त्याच वेळी मातीखाली एक विलक्षण हालचाल चालू असते. रोपाच्या बुडातून एक पांढरी, पोकळ नळी खाली जाते आणि तिच्या टोकाशी ज्वारीच्या दाण्याएवढा कंद तयार होतो. पुढच्या वर्षी तो आणखी एक नळी खाली सोडतो. अशी पायरी पायरी करत कंद वीतभर किंवा त्याहून खोल जातो, जिथे उन्हाळ्याची झळ आणि हिवाळ्याचं गोठणं दोन्ही कमी लागतं. या सगळ्या वर्षांत वर दर मोसमाला एकच पान असतं, फक्त दर वर्षी थोडं रुंद. दोन-तीन पानं दिसली की फूल जवळ आलं समजावं.

९. उतारच्या उतार लाल झालेले फोटो दिसतात. मग याला दुर्मीळ का म्हणायचं?

कारण ते उतार थोडे आहेत, आणि फोटोत दिसतात ती सगळी म्हातारी झाडं असू शकतात. एखाद्या उतारावर फुलं भरपूर असली तरी एकपानी रोपं दिसत नसतील तर तिथे गेल्या दहा वर्षांत नवी भरती झालेली नाही. जाणकार म्हणूनच आधी फुलांपेक्षा एकपानी रोपं मोजतो.

ही जात कझाकस्तान, उझबेकिस्तान आणि किरगिझस्तान या तिन्ही देशांच्या लाल पुस्तकांत, म्हणजे संरक्षित जातींच्या सरकारी यादीत, आहे. तिचा घास घेणाऱ्या गोष्टी साध्या आहेत: पायथ्याच्या टेकड्यांची नांगरट आणि बांधकाम, शहराजवळच्या उतारांवर गुच्छांसाठी होणारी तोड, कंद खणणं, आणि बोंडं पिकायच्या आधीच होणारी मेंढ्यांची बेसुमार चराई. चराई मुळातच वाईट असं नाही. पानं वाळल्यावर, जुलैनंतर, जनावरं फिरली तर झाडाला इजा होत नाही. प्रश्न महिन्याचा आहे.

कंद खाणारं एक जनावर आपल्या ओळखीचं आहे. आपल्याकडच्या डोंगरांत असतं तेच साळिंदर तिथेही आहे आणि ते ट्यूलिपचे कंद उकरून खातं. पण ते हजारो वर्षं खात आलेलं आहे, त्याच्यामुळे जात संकटात आलेली नाही.

राखीव क्षेत्रांचा उपयोग झाला आहे. अक्सू-झाबाग्लीसह तिन्ही देशांतल्या संरक्षित जागांचा समूह ‘पश्चिम तिएनशान’ या नावाने २०१६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

१०. तिथून एखादा कंद किंवा थोडं बी आणता येईल का?

रानातून काहीही काढणं तिन्ही देशांत बेकायदा आहे, राखीव क्षेत्राच्या आत तर नक्कीच. ट्यूलिप साइट्स कराराच्या, म्हणजे रानटी प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, यादीत नाही हे खरं, पण त्याचा अर्थ ‘चालतं’ असा होत नाही. स्थानिक कायदा लागू होतोच.

शिवाय भारतात शिरताना २००३ चा वनस्पती विलगीकरण आदेश आहे. लागवडीचं साहित्य, मग तो खिशातला एक कंद का असेना, आयात परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र याशिवाय आणता येत नाही. विमानतळावर जप्त होतो. नेदरलँड्सच्या विमानतळावर विकत घेतलेल्या पाकिटालाही हाच नियम.

तांत्रिक कारणही आहे. फुलाच्या वेळी उपटलेला कंद रिकामा असतो (प्रश्न ६). तो घरी आणून जगत नाही.

११. मग घरी लावायला काय विकत घ्यावं?

बागेसाठी तयार केलेले ‘ग्रेगिआय’ गटातले वाण. ट्यूलिपच्या अधिकृत वर्गीकरणात हा चौदावा गट आहे. यात बरेच वाण ग्रेगच्या ट्यूलिपचा कौफमान किंवा इतर जातींशी संकर करून केलेले आहेत, पण पानावरच्या रेघा कायम आहेत. सगळ्यात प्रसिद्ध ‘रेड रायडिंग हूड’: ठेंगणा, शेंदरी लाल, रेघा ठळक, १९५३ पासून बाजारात. ‘टोरोंटो’ला एका दांड्यावर दोन-तीन फुलं येतात. पहिल्यांदा लावणाऱ्याने ‘रेड रायडिंग हूड’च घ्यावा. तो चुका सोसतो.

कंद घट्ट, वजनदार, सालीवर बुरशी नसलेला हवा. बुडाची चकती अंगठ्याने दाबून पाहावी, मऊ लागली तर नको. ‘अस्सल रानटी कंद’ अशी जाहिरात दिसली आणि किंमत स्वस्त असली तर घेऊ नये. ही जात पिल्लं देत नसल्याने बियांपासून वाढवलेला खरा रानटी वाणाचा कंद स्वस्त असूच शकत नाही.

१२. पुण्या-मुंबईत येईल का?

कायमचं झाड म्हणून नाही. एका मोसमाचं फूल म्हणून पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, महाबळेश्वर, नागपूर इथे जमतं, तेही डिसेंबर-जानेवारीत लावलं तर. मुंबई आणि कोकण-गोव्याच्या किनारपट्टीवर रात्री पुरेशा गार होत नाहीत. तिथे हट्ट करू नये.

दिल्लीत रस्त्याकडेला दर हिवाळ्यात ट्यूलिप दिसतात ती याच पद्धतीची: आधीच थंडी दिलेले आयात कंद, एकदा फुलवायचे आणि संपले.

घरच्या फ्रिजमध्ये असं करावं:

१. सप्टेंबरच्या शेवटी कंद घ्या आणि विक्रेत्याला विचारा की त्यांना थंडी दिलेली आहे का, आणि किती आठवडे. ते आठवडे पुढच्या हिशोबातून वजा करा.

२. कंद कागदी पिशवीत किंवा जाळीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. तापमान ४ ते ५ अंश सेल्सिअस, एकूण १२ ते १४ आठवडे. फ्रीझरमध्ये अजिबात नाही.

३. त्या कप्प्यात सफरचंद, केळी, चिकू, आंबा यांपैकी काही ठेवू नका. पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात आणि कंदातली कळी आतल्या आत मरते. घरच्या प्रयोगांत हे सगळ्यात जास्त वेळा घडतं, आणि लक्षात येतं ते तीन महिन्यांनी.

४. दर पंधरा दिवसांनी कंद काढून पाहा. निळसर बुरशी वरवर असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. बूड मऊ पडलं असेल तर तो कंद लगेच टाका.

५. डिसेंबर अखेर ते जानेवारीचा पहिला आठवडा, लागवड. १५ सेंटिमीटर व्यासाच्या आणि तितक्याच खोल कुंडीत तीन-चार कंद. एक भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं खत. कंदाच्या उंचीच्या दुप्पट माती वर हवी.

६. पहिले दोन आठवडे कुंडी घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या कोपऱ्यात. कोंब बोटाच्या पेराएवढा झाला की सकाळचं तीन-चार तास ऊन. दुपारचं नको.

७. वरची माती कोरडी झाली की पाणी, बशीत साचू न देता.

लागवडीपासून साधारण पाच-सहा आठवड्यांत फूल येतं. दिवसाचं तापमान तीसच्या वर गेलं तर ते चार-पाच दिवसांतच गळतं. नंतर तो कंद पुन्हा फुलवण्याच्या भानगडीत पडू नये. आपल्या मार्चच्या उन्हात पानं कंद भरायच्या आधीच वाळतात.

१३. भारतात कायमचं लावता येईल अशी जागा आहे का?

काश्मीर खोरं, लाहौल आणि हिमाचल-उत्तराखंडचे उंचावरचे, पावसाळी सरी कमी पडणारे भाग. लाहौलमध्ये ट्यूलिपचे कंद तयार करण्याचं काम पालमपूरच्या हिमालयीन जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेने केलं आहे.

श्रीनगरला झबरवानच्या पायथ्याशी असलेल्या बागेत मराठी पर्यटक मोठ्या संख्येने जातात आणि ‘हीच का ती रानटी ट्यूलिप?’ असं विचारतात. नाही, ती बहुतेक हॉलंडचे बागायती वाण आहेत. पश्चिम हिमालयात रानटी ट्यूलिप आहे, पण ते ग्रेगचं नव्हे. ते क्लुसियसचं: नाजूक, अरुंद पानांचं, पांढरं फूल आणि बाहेरून लालसर पट्टे.

१४. आम्ही थंड देशात राहतो. जमिनीत कसं लावायचं?

ब्रिटन, नेदरलँड्स, कॅनडा, अमेरिकेचा ईशान्य भाग इथे हे सोपं आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, माती १० अंशांखाली गेल्यावर लावा. लवकर लावलं तर करप्याचा धोका वाढतो. खोली १५ सेंटिमीटर, दोन कंदांत १० सेंटिमीटर, दिवसभर उन्हाची जागा. चिकणमाती असेल तर वाफा २० सेंटिमीटर उंच करा आणि एक तृतीयांश जाड खडी मिसळा. मातीचा सामू (pH) ६.५ ते ७.५. ताजं शेणखत नको.

फूल सुकलं की बोंड खुडा, पानं मात्र पिवळी पडेपर्यंत ठेवा. सहा आठवडे बाग अव्यवस्थित दिसते, पण पुढच्या वर्षीचं फूल त्या सहा आठवड्यांतच कमावलं जातं. त्या काळात पंधरा दिवसांनी एकदा पालाशयुक्त पातळ खत द्या. नत्र जास्त झालं तर पानं माजतात आणि कंद मऊ राहतो.

उन्हाळ्यात पाऊस पडणाऱ्या ठिकाणी जूनमध्ये कंद काढून, माती झटकून, २० ते २५ अंशांत हवेशीर जाळीत ऑक्टोबरपर्यंत ठेवा. धुऊ नका. उन्हाळा कोरडा असेल तर जमिनीतच राहू द्या. खारी कंद उकरत असतील तर मातीखाली दोन बोटांवर तारेची जाळी अंथरा.

१५. बियांपासून वाढवायचं आहे. कसं करू?

अधिकृत बी-विनिमयातून किंवा रोपवाटिकेतून बी घ्या. ते चपटं, तपकिरी, कागदासारखं असतं. एकेक बी उजेडासमोर धरा. मध्ये गर्द रेघ दिसली तर आत गर्भ आहे. नुसता पारदर्शक पापुद्रा दिसला तर ते फोल.

किमान २० सेंटिमीटर खोल कुंडी घ्या. उथळ ट्रेमध्ये पेरल्यास प्रश्न ८ मधल्या नळ्या तळाला टेकतात, भोकांतून बाहेर पडतात आणि कंद वाळून जातात. निम्मी बारीक खडी, निम्मं मातीचं मिश्रण. ऑक्टोबरमध्ये अर्धा सेंटिमीटर खोल पेरा, वर खडीचा पातळ थर द्या आणि कुंडी बाहेर थंडीत ठेवा. थंडी नसेल तर ओलसर वाळूत मिसळून फ्रिजमध्ये ५ अंशांत १० ते १२ आठवडे ठेवून मग पेरा.

उगवण वसंतात. पान वाळलं की पाणी थांबवा आणि शरदात पुन्हा सुरू करा. दोन वर्षं कुंडी उलटायची नाही. ‘आत काय झालंय’ हे पाहायला माती उकरल्याने जेवढी रोपं मरतात तेवढी रोगाने मरत नाहीत. तिसऱ्या उन्हाळ्यात चाळून कंद वेगळे करा. मोत्याएवढे मिळाले तर काम उत्तम चाललं आहे.

१६. पानं आली पण फूल नाही. कळी आली पण तपकिरी झाली. कंद कुजला. काय चुकलं?

एकच रुंद पान आलं तर कंद लहान होता किंवा गेल्या वर्षी पानं लवकर कापली. कळी पानांच्या कुशीतच अडकून उघडली तर थंडीचे आठवडे कमी पडले. कळी कागदासारखी वाळली तर इथिलीन, किंवा थंडीनंतर एकदम मिळालेला उकाडा.

कंदाला आंबूस वास येत असेल आणि बुडाशी पांढरी-गुलाबी बुरशी असेल तर ती फ्युजेरियम कूज. असा कंद स्वतः इथिलीन सोडतो आणि शेजारच्या निरोगी कंदांतल्या कळ्याही मारतो, म्हणून पिशवीत एक सापडला तरी बाकीचे लगेच वेगळे करा. पानं वाकडी येऊन भाजल्यासारखे डाग आणि त्यावर करडी बुरशी आली तर तो ट्यूलिपचा करपा. झाड कंदासकट काढून नष्ट करा आणि त्या वाफ्यात तीन वर्षं ट्यूलिप लावू नका.

१७. पानांवर जांभळ्या रेघा आल्या आहेत, हा विषाणू आहे का? आणि रेघा नसतील तर ते ग्रेगचं नव्हे का?

जांभळट तपकिरी, शिरांना समांतर रेघा हा या जातीचा स्वभाव आहे, रोग नाही. दर वसंतात बरेच लोक घाबरून निरोगी झाडं उपटतात, तसं करू नका. विषाणूची खूण वेगळी: पानावर फिकट हिरवे-पिवळे अनियमित चट्टे, आणि एकरंगी फुलाच्या पाकळीवर अचानक पिसासारखे फाटे. हा विषाणू मावा पसरवतो. त्यावर औषध नाही, झाड काढावंच लागतं.

उलट बाजूने, रेघा फिकट असलेली झाडं रानात सापडतात, सावलीत त्या आणखी पुसट होतात. फूलही नेहमी लालच असं नाही: केशरी, पिवळी, लाल-पिवळी फुलं एकाच उतारावर दिसू शकतात. पान पुसट रेघांचं, फूल मधल्याच रंगाचं आणि जवळपास कौफमानचं ट्यूलिप असेल तर तो दोघांचा नैसर्गिक संकर असण्याची शक्यता धरा. अशा झाडाला एका जातीचं नाव द्यायची घाई करू नये.

१८. विषारी आहे का? कंद कांद्यासारखा खाता येतो का?

खाऊ नये. ट्यूलिपमध्ये ट्युलिपालिन नावाचं द्रव्य असतं. सतत कंद हाताळणाऱ्यांच्या बोटांच्या टोकांना त्याने खाज, भेगा आणि पुरळ येतं. हातमोजे घाला. कुत्र्या-मांजरांनी कंद खाल्ला तर उलट्या-जुलाब होतात, लगेच पशुवैद्याकडे न्या. १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात डच लोकांनी ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले, पण ते उपासमारीतून. फ्रिजमध्ये कंद ठेवताना पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहा. घरातलं कोणी कांदा समजून चिरेल.

१९. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये ट्यूलिपच्या कंदांवर सट्टा चालला, त्यात हेच फूल होतं का?

नाही. ती तुर्कस्तानमार्गे आलेली बागायती ट्यूलिप होती. ग्रेगचं ट्यूलिप युरोपच्या बागांत १८७० च्या दशकानंतर पोचलं.

२०. बागेत तयार झालेलं बी किंवा कंद तिएनशानच्या उजाड उतारांवर नेऊन टाकले तर मदत होईल ना?

हेतू चांगला आहे, पण अपाय होईल. बागेतले वाण संकरित असतात. त्यांच्या परागकणांमुळे रानातल्या झाडांच्या बियांत परकी मिसळ होते, आणि ती परत काढता येत नाही. कंदांसोबत विषाणू, करपा आणि फ्युजेरियम जातात. अस्सल जातीचं बी असलं तरी एका खोऱ्यातलं बी दुसऱ्या खोऱ्यात टाकू नये, कारण फुलण्याची वेळ आणि थंडीची गरज उंचीप्रमाणे बदलते.

उजाड उतार भरून काढायचा तर त्याच उतारावरची किंवा लगतची पिकलेली बोंडं, तिथल्या वनखात्याच्या परवानगीने, जून-जुलैमध्ये उघडायला लागली की थोडीच घ्यायची, बरीचशी झाडावरच ठेवायची. बी त्याच शरदात, पाऊस सुरू होण्याआधी, गवताच्या झुबक्यांमधल्या उघड्या मातीत बोटाच्या नखाएवढं खोल दाबायचं. मग त्या पट्ट्यात मार्च ते जून मेंढ्या शिरणार नाहीत असं कुंपण घालायचं आणि ते किमान सात-आठ वर्षं टिकवायचं. पहिली काही वर्षं कुंपणाच्या आत गवताच्या काड्यांसारखी एकपानी रोपंच दिसतील.